स्नेक प्लांटची तीच ती दुखणी

"हे मरतच नाही, तुला नक्की जमेल" असं सांगून लोक एकमेकांना स्नेक प्लांट देतात आणि वर्षाच्या आत मला फोटो येतो. फोटोत एक पान पिवळं, बुडाशी जरा काळपट, बाकीची टवटवीत. खाली प्रश्न: "पाणी कमी पडतंय का गं?" घरात मी झाडं बरीच ठेवते, शिवाय कुणाच्याही झाडावर मत द्यायची मला हौस, त्यामुळे नातेवाइकांत आणि ऑफिसात हे खातं आपोआप माझ्याकडे आलंय. तक्रारी मोजक्याच, आलटून पालटून त्याच. गंमत म्हणजे त्या एकाच घरातून पुन्हा पुन्हा येतात. पान कापलं, दोन महिने बरे गेले, मग शेजारचं पान गेलं. चिलटं गेली, परत आली. पांढरा कापूस पुसला, परत दिसला.

उपाय सगळीकडे लिहिलेले आहेत आणि त्यातले बरेचसे बरोबरही आहेत. मला लिहायचंय ते हे की दुखणं उलटतं का. माझं मत असं की आपण इलाज करतो पानावर, आणि पान हा या झाडाचा सगळ्यात उशिरा बोलणारा भाग आहे. पुदिना घ्या, तुळस घ्या, मुळांना त्रास झाला की संध्याकाळपर्यंत मान टाकतात. स्नेक प्लांटच्या जाड पानात पाण्याचा एवढा साठा असतो की खाली मुळं सडून गेली तरी पान आठवडेच्या आठवडे ताठ उभं राहतं. शिवाय मातीखाली त्याचं जाडजूड आडवं खोड असतं, साठ्यासाठी तेही आहे. मूळ गाव पश्चिम आफ्रिका, नायजेरियापासून काँगोपर्यंतचा पट्टा. मधल्या कोरड्या काळात तग धरायची ही सगळी तयारी. तीच तयारी घरात आपल्याला फसवते. पान पिवळं पडलेलं आज दिसतं, पण बिघडलेलं असतं महिन्या-दीड महिन्यापूर्वी. आपण मात्र "गेल्या आठवड्यात काय केलं?" ते आठवत बसतो आणि नको तो निष्कर्ष काढतो.

पिवळ्या पानाचं खरं कारण बघायचं तर झाड कुंडीतून काढावं लागतं. याला लोक जाम घाबरतात. मावशीचं झाड असंच होतं, तीन पानं गेलेली, चौथं हलवलं की डुलायचं. मी म्हटलं, "मावशी, काढून बघूया." ती म्हणाली, "अगं, आहे ते तरी राहू दे!" शेवटी वर्तमानपत्र पसरून कुंडी आडवी केली, बाजूंना थापट्या मारल्या आणि झाड अलगद ओढलं. वरची बोटभर माती खडखडीत कोरडी. मावशी लगेच, "बघ, मी म्हणत नव्हते? पाणीच नाही त्याला." पण खाली मध्यभागी मुठीएवढा एक काळपट गोळा होता, चिकट, गार, आणि त्याला साचलेल्या गटाराचा वास. नर्सरीतून आलं तेव्हाचा तो मूळ गठ्ठा, बारीक पीटचा (म्हणजे दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा, पाणी धरून ठेवणारा भुसा), बाहेरून जाळी गुंडाळलेली. मावशीने नवी माती घातली होती ती त्या गठ्ठ्याच्या भोवती. बाहेरची माती चार दिवसांत सुकायची, आतला गठ्ठा महिनाभर ओला. वरून बोट खुपसून बघणाऱ्याला हे कधीच कळणार नाही.

मुळं कशी बघायची तेही सांगते. निरोगी मूळ फिकट, थोडं नारिंगीकडे झुकणारं असतं, चिमटीत धरलं की टणक लागतं. सडलेलं मूळ तपकिरी-काळं, आणि ओढलं की त्याची साल मोज्यासारखी निघून हातात येते, मागे नुसता दोरा उरतो. आडवं खोडही दाबून बघायचं. कच्च्या बटाट्याइतकं घट्ट असेल तर झाड वाचतं, बोट रुतलं तर तेवढा भाग गेला.

मावशीच्या झाडाचं सडलेलं सगळं कापलं. चाकू प्रत्येक कापानंतर स्पिरिटने पुसायचा, हा कंटाळा करायचा नाही, कारण मऊ सड आणणारे जिवाणू पात्यावरून पुढे जातात. जाळी कात्रीने कापून टाकली, जुना गठ्ठा पाण्याखाली धुऊन मोकळा केला. मग झाड दोन दिवस सावलीत उघडंच ठेवलं. हे ऐकून लोकांना धक्का बसतो, पण स्नेक प्लांटला दोन काय, आठ दिवस मातीबाहेर ठेवलं तरी काही होत नाही. उलट कापलेल्या जागा सुकून बंद होतात. नंतर कोरड्या मातीत लावलं आणि आठवडाभर पाणी नाही. दालचिनीची पूड लावा, हळद लावा असं जो तो सांगतो. लावा हवं तर, अपाय नाही, पण काम करतं ते सुकवणं.

आता त्या कोरड्या मातीबद्दल. कुंडीच्या तळाला खडे, विटांचे तुकडे घातले की निचरा चांगला होतो, असं आपण सगळे ऐकत आलोय. होत नाही. पटत नसेल तर भांडी घासायचा स्पंज घ्या, पूर्ण भिजवा आणि हातावर आडवा धरा. टपटप थांबेपर्यंत थांबा. आता तोच स्पंज, न पिळता, उभा करा. परत पाणी गळायला लागेल. पाणी तेवढंच, स्पंज तोच, फक्त उंची वाढली. मातीतही असंच असतं: तळाशी एक थर कायम ओला राहतो, तेवढ्या थरातलं पाणी गुरुत्वाकर्षणाने खाली जात नाही, मातीची बारीक छिद्रं ते धरून ठेवतात. आपण तळाला दोन इंच खडे घातले की तो ओला थर नाहीसा होत नाही, नुसता दोन इंच वर सरकतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ. म्हणून उथळ पसरट कुंडी दिसायला कितीही छान असली तरी तीत हीच माती जास्त वेळ ओली राहते. खडे घालायचे असतील तर ते सबंध मातीत मिसळा, तळाला थर करू नका.

माझं मिश्रण काही खास नाही. निम्मी साधी कुंडीची माती, निम्मं भरड काहीतरी: परलाइट, प्युमिस किंवा तीन ते पाच मिलिमीटरची बारीक खडी, जे मिळेल ते. फक्त बारीक वाळू नको. ती मातीच्या कणांमधल्या जागा भरून टाकते आणि सगळं मिळून सिमेंट होतं. मूठ भरून भिजवलेलं मिश्रण दाबा, मूठ उघडल्यावर लाडू राहिला तर अजून भरड हवं, फुटून पसरलं तर ठीक. कुंडी मुळांपेक्षा जेमतेम दोन बोटं मोठी. "वाढायला जागा हवी" म्हणून घागरीएवढ्या कुंडीत चार पानांचं झाड लावलं की ज्या मातीत मुळंच नाहीत तिच्यातलं पाणी पिणार कोण? ते तसंच साचून राहतं. मातीची कुंडी बाजूंनीही सुकते, हा तिचा मोठा गुण. चिनी मातीची देखणी, बिनभोकाची कुंडी वापरायची असेल तर झाड प्लॅस्टिकच्या कुंडीत ठेवून ती आत ठेवा, आणि पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने आतली कुंडी उचलून खाली काय साचलंय ते ओता. ऑफिसातली निम्मी झाडं त्या साचलेल्या पाण्याने मेली आहेत. वरून कुणाला काही दिसत नाही आणि प्रत्येक जण येता-जाता बाटलीतलं उरलेलं पाणी ओततो, पुण्य लागल्यासारखं.

पाणी किती दिवसांनी घालायचं? हा प्रश्न मी उत्तर न देता परत पाठवते, "खिडकीपासून किती लांब आहे?" पाण्याचा हिशेब वारावर नाही, उजेडावर चालतो. झाड पाणी खर्च करतं ते वाढीसाठी, वाढ होते उजेडात. त्यात हे झाड आधीच काटकसरी. बहुतेक झाडांची पर्णरंध्रं दिवसा उघडी असतात, याची दिवसा मिटलेली. रात्री गारव्यात ती उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत घेतला जातो, आम्लाच्या रूपात साठवला जातो आणि दिवसा उजेड आला की त्याची साखर बनते. त्यामुळे पाण्याची वाफ फारच कमी जाते. अशा झाडाला अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवून दर रविवारी पाणी घातलं तर काय होणार?

इथे एक फाटा फोडते, कारण अर्धा घोटाळा यातूनच होतो. "रात्री ऑक्सिजन देणारं झाड" म्हणून लोक ते बेडरूममध्ये पलंगाशेजारी, पडद्याआड ठेवतात. रात्री ते कार्बन डायऑक्साइड घेतं हे खरं, पण ऑक्सिजन सुटतो पाण्याचा रेणू उजेडाच्या जोरावर फुटल्यावर, आणि तो उजेड रात्री नसतो. हवा शुद्ध करण्याचंही तसंच. नासाचा 1989 चा अभ्यास खरा आहे, पण तो हवाबंद पेट्यांमध्ये केलेला. 2019 मध्ये अशा बऱ्याच प्रयोगांचे आकडे एकत्र मांडून हिशेब झाला, तेव्हा निघालं की साध्या खेळत्या हवेने जेवढं काम होतं तेवढं झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील. पलंग ठेवायला जागा उरणार नाही. झाड ठेवा, सुंदर दिसतं म्हणून ठेवा. फक्त औषध समजून अंधारात कोंडू नका.

"कमी उजेडात चालतं" हे वाक्यही जरा उलगडून बघायला हवं. चालतं म्हणजे लवकर मरत नाही. आपल्या डोळ्यांना उजेडाचा अंदाज अजिबात येत नाही, बाहुली लगेच जुळवून घेते. मोबाइलवर उजेड मोजायचं फुकटचं ॲप टाका आणि घरभर फिरा. माझ्याकडे खिडकीच्या कट्ट्यावर दिवसा चार-पाच हजार लक्स येतात आणि त्याच खोलीच्या आतल्या भिंतीशी जेमतेम दोनशे. डोळ्यांना मात्र ती भिंत "छान उजेडाची" वाटते. मोबाइलचा आकडा काटेकोर नसतो, पण फरक समजायला पुरतो. त्या भिंतीशी ठेवलेलं झाड नवं पान काढतं ते अरुंद, लांबट, लुळं, पट्टे पुसट. मग ते बाहेर झुकतं आणि लोक काठीला बांधतात. बांधल्याने सरळ दिसतं एवढंच. पुढचं पान परत तसंच येणार. आणायचं ते खिडकीकडे, पण एकदम रणरणत्या उन्हात नाही, पंधरा दिवस टप्प्याटप्प्याने, नाहीतर पानावर पांढरट भाजल्याचे डाग पडतात, ते कायमचे.

तर पाणी घालायची खूण: कुंडी उचला. पाणी घातल्या दिवशी किती जड होती आणि पूर्ण सुकल्यावर किती हलकी, हे दोन-तीनदा उचललं की हाताच्या लक्षात राहतं. कुंडी मोठी असेल तर लाकडी लांब काडी तळापर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी काढा, ओल आणि माती काडीला लागून येते. ते घड्याळासारखं ओलावा-मीटर मी कुणाला सुचवत नाही. स्वस्तातली बहुतेक मीटरं विजेचं वहन मोजतात, मातीत खताचे क्षार जास्त असले की कोरड्यालाही ओलं म्हणतात, आणि भरड मातीत तर काहीही दाखवतात. सगळी माती सुकली की मग भरपूर, खालून वाहून जाईपर्यंत. "जपून" म्हणून रोज अर्धा कप घालणं सगळ्यात वाईट. वरचा थर सतत दमट, खालची मुळं कधी तहानलेली, आणि क्षार धुऊन जायला पाणीच नाही. आणि पाण्याची धार मातीवर धरा, पानांच्या मधल्या पेल्यात नाही. तिथे पाणी साचलं की पान आतून सडतं.

त्या दमट वरच्या थरावरच चिलटं जगतात. चिलटं म्हणजे ती काळी, डासापेक्षा लहान, दिव्याभोवती आणि बरोब्बर तोंडासमोर उडणारी. त्यांची उलटून येण्याची गोष्ट साधी आहे: उडतात ती मोठी, मातीत आहेत ती पिल्लं. पिवळा चिकट कागद लावला की कागदावर काळे ठिपके भरतात, आपल्याला समाधान वाटतं, पण एक मादी मातीत शंभरावर अंडी घालून मोकळी झालेली असते. अंड्यापासून उडण्यापर्यंत तीन-चार आठवडे. त्यामुळे आठ दिवस उपाय करून थांबणाऱ्याकडे ती हमखास परततात. शंका असेल तर कच्च्या बटाट्याची एक चकती मातीवर ठेवा, दोन दिवसांनी उलटून बघा. खाली पारदर्शक, पांढुरके, चमकदार काळ्या डोक्याचे इवलेसे जीव वळवळताना दिसतील. बघून अंगावर काटा येतो, पण कोणती कुंडी दोषी आहे ते कळतं. आणि बरेचदा ती स्नेक प्लांटची नसतेच! शेजारच्या मनी प्लांटची असते, त्यात रोज पाणी पडतं म्हणून. घरातल्या सगळ्या कुंड्यांचा वरचा थर एकाच वेळी सुकवायला हवा, एकीचा सुकवून उपयोग नाही. अगदीच ऐकत नसतील तर बीटीआय नावाचं जिवाणूजन्य औषध पाण्यात मिसळून महिनाभर द्यायचं, ते नेमकं अळ्यांवर चालतं. मातीवर वाळूचा थर देण्याचा उपाय बरेच जण करतात. चिलटं कमी होतात हे खरं, पण खालची माती सुकायला वेळ लागतो आणि माती दिसतही नाही. एक दुखणं घालवून दुसरं आणायचा प्रकार.

शेंडे तपकिरी होण्याचं फार मनाला लावून घेऊ नका. बहुतेक वेळा पाण्यातले आणि खतातले क्षार, किंवा पाण्याची अनियमितता. कुंडीच्या काठावर पांढरी खरपुडी दिसली तर क्षारच. कुंडीच्या तीन-चार पट पाणी सावकाश ओतून धुऊन काढा आणि काही महिने खत बंद. या झाडाचं शास्त्रीय घराणं 2017 मध्ये सान्सेव्हिएरियातून ड्रसीनात गेलं, आणि ड्रसीना मंडळी पाण्यातल्या फ्लोराइडला नाजूक म्हणून ओळखली जातात, त्यामुळे तेही एक कारण असू शकतं. सुकलेला शेंडा परत हिरवा होत नाही. कात्रीने टोक काढून नीटस केलं तरी चालतं, पण ते पान आणखी उंच व्हायची आशा सोडा.

डागांचे दोन प्रकार ओळखता आले तरी पुरे. पानावर फोड येऊन नंतर तो बुचासारखा खरखरीत तपकिरी झाला, पसरत नाही, तर तो जास्तीच्या पाण्याने पेशी फुटल्याचा व्रण आहे. पाणी कमी करा, बस. पण खोलगट, लालसर-तपकिरी, भोवती पिवळी कड असलेले आणि वाढत जाणारे डाग बुरशीचे असतात, फ्युजॅरियम नावाची बुरशी त्यात नेहमीची. असं पान बुडापासून कापा आणि झाडावर पाण्याचे फवारे मारणं आजपासून बंद. मुळात स्नेक प्लांटवर फवारा मारायचं कारणच काय, ते मला अजून कळलेलं नाही. धूळ बसते तर ओल्या फडक्याने पुसा आणि कोरडं करा.

थंडीचंही असंच उशिरा कळतं. दहा अंशांच्या खाली तापमान गेलं की पेशींना इजा होते, पण पानावर पांढरट, पाणचट चट्टे उमटायला काही आठवडे लागू शकतात. तोपर्यंत ती थंड रात्र कुणाच्या लक्षातही नसते. ऑफिसात एसीच्या झोताखाली ठेवलेल्या झाडांची जागा बदला एवढंच मी सांगते, बाकी चर्चा नाही.

कुंडी फुगणं किंवा तडकणं ही मात्र तक्रार नव्हे. मातीखालचं खोड आडवं पसरत कडेला भिडतं आणि प्लॅस्टिकची कुंडी अंडाकार करून टाकतं. माझ्याकडची एक तर काठापासून तळापर्यंत उभी चिरली होती. झाड मजेत होतं. तेव्हा खोड धारदार सुरीने कापून वाटण्या करायच्या, प्रत्येक तुकड्याला मुळं आणि एक तरी फुटवा राहील असं बघून. पिवळ्या कडांची जात असेल तर वाढवायचा हाच मार्ग. तिची पानं तुकडे करून लावली तर मुळं येतात, पिल्लंही येतात, पण ती नुसती हिरवी. पिवळी कड पेशींच्या एका वेगळ्या थरात असते आणि पानाच्या तुकड्यातून उगवणारं नवं झाड तो थर सोबत आणत नाही. सडलेल्या, पिवळ्या कडांच्या झाडाचं वरचं पान वाचवून लावणाऱ्यांनी हे आधीच मनात धरावं, म्हणजे सहा महिन्यांनी "नर्सरीवाल्याने फसवलं" म्हणायची वेळ येणार नाही. तुकडा लावताना खालची बाजू खाली, उलटा लावला तर मुळं येत नाहीत. मी खालच्या टोकाला तिरका खाच देते, विसरायला नको म्हणून.

राहिले पिठ्या ढेकूण, सगळ्यात चिवट. पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसतो, बोटाने चिरडला की आतून ओलसर. कुंडीवर मुंग्यांची रांग लागली असेल तर कापूस दिसायच्या आधीच शोधायला लागा, मुंग्या त्यांच्या गोड रसासाठी येतात आणि त्यांची राखणही करतात. सत्तर टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून पुसलं की दिसतात ते मरतात. दर आठवड्याला, निदान दीड-दोन महिने, कारण अंडी त्या कापसाच्या पिशवीत सुरक्षित राहतात आणि मागाहून फुटतात. लोक दोनदा पुसतात, दिसेनासे झाले की थांबतात. कडुनिंबाचं तेल चालतं, पण फवारून झाड उन्हात ठेवू नका, पानं भाजतात. एवढं करूनही आले तर कुंडी काढून आतल्या भिंतीकडे बघा. मुळांवर आणि प्लॅस्टिकला पांढरी पूड चिकटलेली दिसली तर ते मुळांवरचे ढेकूण, वरून कितीही पुसलं तरी खालून भरती चालूच राहणार. मुळं धुवा, सगळी माती फेका, कुंडी गरम साबणाच्या पाण्याने घासा.

माझ्याकडे एक ठेंगणं, गुलाबासारख्या पेल्याचं स्नेक प्लांट आहे, “हानी” (Hahnii) म्हणतात त्या जातीचं. त्याच्यावर ढेकूण परत दिसलेत. उंच जातीत पानांमध्ये काडी जाते, या ठेंगण्याची पानं इतकी दाटीवाटीने बसलेली की मधल्या दोन-तीन थरांपर्यंत काहीच पोचत नाही, तिथे त्यांचं बस्तान. भाचा म्हणतो, "मावशी, फेकून दे ना, नवीन आण." फेकणार आहेच, पण अर्धं. या रविवारी पेला मोडायचा: बाहेरची स्वच्छ पानं एकेक करून बुडापासून तोडायची, अल्कोहोलने पुसायची, चार-पाच दिवस सुकवायची आणि कोरड्या खडीच्या ट्रेमध्ये दोन सेंटिमीटर खोल उभी करायची. साधी हिरवी जात आहे, त्यामुळे रंग जायची भीती नाही. मधला गड्डा आणि माती पिशवीत बांधून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नाही. ट्रे बाकीच्या झाडांपासून वेगळ्या खोलीत राहील, निदान नवी पिल्लं वर येईपर्यंत, म्हणजे दोन-तीन महिने सहज, जास्तही. ट्रे जमिनीवर ठेवणार नाही, भाच्याची मांजर पानं कुरतडते आणि या झाडातल्या सॅपोनिनमुळे मांजरांना उलट्या होतात. वरच्या फळीवर, खिडकीशेजारी जागा मोकळी केली आहे.